मोटर चालू आहे, पण पाणी चढत नाही: काय तपासायचं आणि कोणत्या क्रमाने

नाशिकमध्ये रो-हाउस असो की आठ-दहा फ्लॅटची जुनी बिल्डिंग, पाण्याची मांडणी बहुतेक ठिकाणी एकच. पालिकेचं पाणी ठरलेल्या वेळी येतं, जमिनीखालच्या टाकीत पडतं आणि तिथून अर्धा किंवा एक एचपीची मोनोब्लॉक (मोटर आणि पंप एकत्र जोडलेली) मोटर ते गच्चीवरच्या टाकीत चढवते. आमच्या बिल्डिंगची मोटर बरीच वर्षं मी सांभाळतो. आजूबाजूच्या सोसायट्यांमधूनही बोलावणं येतं, आणि तक्रार जवळजवळ नेहमी एकाच वाक्यात असते: "दादा, मोटर चालू आहे पण पाणी चढत नाही, जळाली वाटतं."

बहुतेक वेळा ती जळालेली नसते. पाइपात हवा शिरलेली असते. हवा कुठून शिरली हे न शोधता मोटर खोलली जाते, ती दुकानात जाते, पैसे जातात, घर दोन दिवस टँकरवर किंवा शेजाऱ्यांच्या बादल्यांवर चालतं आणि मोटर परत बसवल्यावर आठवड्याभरात तोच प्रकार पुन्हा सुरू होतो. हे टाळता येतं. म्हणून आधी मोटर सोडा आणि पाइप बघा. खालचा सगळा क्रम त्याच हिशेबाने लावला आहे: ज्याला पैसे लागत नाहीत ते आधी, ज्याला पान्हा लागतो ते नंतर, ज्याला कारागीर लागतो ते शेवटी.

हे सगळं जमिनीवर ठेवलेल्या मोटरबद्दल आहे, जिचा एक पाइप, म्हणजे पाणी ओढणारा सक्शन पाइप, खालच्या टाकीत उतरतो. पाण्यात बुडवून ठेवलेली सबमर्सिबल असेल तर हवा धरण्याचा हा प्रश्न सहसा येत नाही. तिथे फक्त पाण्याची पातळी आणि व्होल्टेज बघा. त्यापुढचं काम कारागिराचं.

आधी लक्षण नीट ओळखा

"पाणी चढत नाही" या एका वाक्यात वेगवेगळे बिघाड लपलेले असतात. मोटरजवळ उभं राहून अर्धा मिनिट ऐका आणि बघा.

मोटर फिरते, पण आवाज नेहमीपेक्षा मोकळा आणि हलका वाटतो, वरच्या टाकीत काहीच पडत नाही: मोटरच्या पोटात पाणी नाही, हवा आहे.

पाणी येतं, पण फसफसत, तुटक तुटक, आणि थोड्या वेळाने बंद पडतं: चालू असताना कुठून तरी हवा ओढली जाते आहे.

सकाळी चढत नाही, वरून तांब्याभर पाणी ओतलं की चढतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच: फुटव्हॉल्व्ह (सक्शन पाइपाच्या खालच्या टोकाची जाळी असलेली झडप) पाणी धरून ठेवत नाही. सगळ्यात जास्त घरांत हेच असतं. रोज पाणी ओतायची सवय लागते आणि मग ते बिघाड वाटेनासंच होतं.

पाणी चढतं, पण टाकी भरायला पूर्वीपेक्षा खूपच वेळ लागतो: जाळी तुंबलेली, व्होल्टेज कमी, किंवा इम्पेलर (पाणी ढकलणारी पंपातली चकती) झिजलेला.

मोटर फिरतच नाही, नुसती हूं... करते: शाफ्ट (मोटरचा फिरणारा दांडा) अडकला आहे किंवा कपॅसिटर (मोटरला सुरू व्हायला जोर देणारा भाग) गेला आहे. लगेच बंद करा.

बटण दाबताच एमसीबी (बोर्डावरचा आपोआप पडणारा स्विच) पडतो, जळकट वास येतो, किंवा मोटरला किंवा ओल्या पाइपाला हात लागला की झिणझिणतं: इथे पुढचं काही वाचू नका. मेन बंद करा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा.

सगळ्यात आधी मोटर बंद

पाणी चढत नाही हे कळल्यावरही लोक "आत्ता ओढेल, मग ओढेल" म्हणून दहा दहा मिनिटं मोटर चालू ठेवतात. एवढं मात्र कृपा करून करू नका. मोटर आणि पंप यांच्यामध्ये शाफ्टवर मेकॅनिकल सील असतो. त्याच्या दोन गुळगुळीत चकत्या एकमेकींवर फिरतात आणि त्यांच्यातल्या पाण्याच्या पातळ थरामुळे थंड राहतात. पाणी नसलं की त्या कोरड्या घासतात, तापतात, चरे पडतात आणि मग सीलमधून पाणी गळायला लागतं. ते पाणी पुढे बेअरिंगमध्ये आणि वाइंडिंगमध्ये, म्हणजे मोटरच्या तारेच्या गुंडाळीत, जातं. म्हणजे सकाळी जो बिघाड तांब्याभर पाण्याने सुटला असता, तो कोरडी मोटर चालवल्यामुळे खरोखर मोटर जाळतो. दोन-तीन मिनिटांत पाणी पडलं नाही तर बंद करायची, हा नियम घरातल्या प्रत्येकाला, कामाला येणाऱ्या मावशींनाही, सांगून ठेवा.

खालच्या टाकीत पाणी किती आहे?

झाकण उघडून टॉर्च मारा. "काल भरली होती" यावर विसंबू नका. पाइपलाइनच्या किंवा पंपिंग स्टेशनच्या दुरुस्तीसाठी शनिवारी पाणी बंद आणि रविवारी सकाळी कमी दाबाने, अशी सूचना पेपरात येते. तेव्हा टाकी अर्धीही भरत नाही. बॉल कॉक अडकल्यामुळेही टाकी रिकामी राहते. हाताने दांडा वर-खाली केला की बरेचदा तो सुटतो.

टाकीत पाणी दिसतं आहे एवढं पुरेसं नाही. फुटव्हॉल्व्हच्या वर निदान फूटभर पाणी हवं. त्याहून कमी असलं की ओढताना पाण्यात भोवरा होतो आणि भोवऱ्यातून हवा थेट पाइपात जाते. सुरुवातीला पाणी चढतं आणि शेवटी फसफसायला लागतं, त्याचं कारण बरेचदा हेच असतं.

आता ज्याची मला मनापासून चीड आहे ते सांगतो. टाकीत पाणी कमी पडतं म्हणून काही जण मोटरचा पाइप सरळ पालिकेच्या नळाला जोडतात. याला कायद्याने बंदी आहे आणि ती योग्यच आहे. शेवटच्या गल्लीतल्या घरांचा दाब तुमची मोटर ओढून घेते, हा अन्याय तर आहेच. पण त्याहून मोठा धोका पाण्याचा आहे. मोटर ओढते तेव्हा पाइपातला दाब बाहेरच्या दाबापेक्षा कमी होतो. रस्त्याखालची ती लाइन कुठे ना कुठे चिरलेली असते, बाजूला गटार असतं, आणि मग गटाराचं पाणी आत ओढलं जातं. तुमच्या सक्शन पाइपाच्या चिरेतून जशी हवा शिरते, अगदी तशीच तिथे घाण शिरते. गल्लीत जुलाब आणि काविळीची लागण होते तेव्हा त्यामागे हे कारण असू शकतं. पाणी कमी येत असेल तर पालिकेकडे तक्रार करा, टाकी मोठी करा, पण नळाला मोटर लावू नका.

वरचे व्हॉल्व्ह आणि व्होल्टेज

हे पटकन उरकतं. गच्चीवर दोन टाक्या असतील, एक पिण्याची आणि एक वापराची, तर मोटरच्या पाइपावर दोन व्हॉल्व्ह असतात. प्लंबर येऊन गेला, टाकी धुणारे येऊन गेले, की दोन्ही बंद राहिलेले मी अनेकदा पाहिले आहेत. आधी गच्चीवर जाऊन बघा. बंद व्हॉल्व्हवर मोटर चालवणं घरगुती सेल्फ-प्रायमिंग (हवा स्वतः ओढून काढणाऱ्या) मोटरला विशेष वाईट, कारण त्या प्रकारच्या पंपात वाट बंद झाली की मोटरवरचा भार वाढतो.

व्होल्टेजसाठी मल्टिमीटर असेल तर बोर्डावर बघा, नाहीतर स्टॅबिलायझरचा काटा बघा. घरगुती पुरवठा २३० व्होल्टचा. मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, म्हणजे व्होल्टेज १० टक्के कमी झालं की जोर जवळपास १९ टक्के कमी होतो. उन्हाळ्यात रात्री सगळ्या बिल्डिंगचे एसी चालू असताना जी मोटर रेंगाळते, ती पहाटे व्यवस्थित चढवते. तसं होत असेल तर मोटरला हात लावू नका, वेळ बदला. व्होल्टेज १८०-१९० च्या आसपास घुटमळत असेल तर मोटर चालवूच नका.

प्रायमिंग: पाणी भरा आणि थांबून बघा

सगळ्यात महत्त्वाची तपासणी ही. पाणी ओतणारे बरेच असतात. ओतल्यावर थांबून बघणारे मात्र फार कमी, आणि सगळं निदान त्या बघण्यात आहे.

मोटर बंद करा, एमसीबीही खाली पाडा किंवा पिन काढा. पंपाच्या डोक्यावर एक प्लग असतो, तो पान्ह्याने हळू सोडा. सोडताना आतून जोरात पाणी उसळलं तर पंप भरलेला आहे, वरच्या पाइपातलं पाणीही जागेवर आहे, म्हणजे हवेचा प्रश्न नाही. प्लग बंद करा, पाणी पुसा आणि व्हॉल्व्ह, व्होल्टेज पुन्हा बघा. काहीच आलं नाही तर आत पोकळी आहे.

आता स्वच्छ पाणी बारीक धारेने ओता. घाई केली तर पाणी हवेला कोंडतं आणि वरून भरल्यासारखं दिसतं. थोडं ओता, बुडबुडे येऊ द्या, पुन्हा ओता. मोटरच्या मागच्या बाजूने शाफ्टला स्क्रू-ड्रायव्हरची खाच असेल तर शाफ्ट एक-दोन वेळा हाताने फिरवा, अडकलेली हवा वर येते. काठोकाठ भरलं की हात बाजूला घ्या आणि पाच मिनिटं फक्त पातळी बघा.

पातळी हलली नाही, प्लग लावून मोटर सुरू केली आणि पाणी चढलं, दुसऱ्या दिवशीही चढलं: काम झालं. टाकी मध्ये रिकामी झाली असेल आणि तेव्हा हवा शिरली असेल. पुढचं काही करायची गरज नाही.

पातळी हलली नाही, पण मोटर सुरू केल्यावर पाणी तुटतं: खाली फुटव्हॉल्व्ह चांगला आहे, चालू असताना वरच्या जोडातून हवा येते आहे.

पातळी डोळ्यांदेखत खाली जाते, कितीही ओता भरतच नाही: फुटव्हॉल्व्ह गळतो आहे, किंवा सक्शन पाइप खालच्या भागात फुटला आहे.

प्लग परत लावताना त्याची वॉशर बघा आणि आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळा. आटे आपल्याकडे करून धरले की टेप घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळायची, नाहीतर आवळताना ती सुटत जाते. रोज प्लग उघडून पाणी ओतणाऱ्या घरात त्या प्लगचेच आटे झिजतात आणि हवा तिथूनच शिरायला लागते. म्हणजे उपायातूनच दुसरा बिघाड तयार होतो.

सेल्फ-प्रायमिंग मोटर असलेल्यांना वाटतं की आपल्याला हे करायला नको. ती मोटर हवा स्वतः ओढून काढते हे खरं, पण पोटात थोडं पाणी असेल तरच. पूर्ण कोरडी झाली की तिलाही पाणी पाजावं लागतं. आणखी एक गोष्ट: पंपाच्या लगेच वर एनआरव्ही (पाणी मागे येऊ न देणारा व्हॉल्व्ह) बसवलेला असेल आणि त्यावर तीन मजल्यांचं पाणी उभं असेल, तर ओढलेली हवा बाहेर जायला वाटच उरत नाही. अशा ठिकाणी पंप आणि एनआरव्ही यांच्यामध्ये अर्ध्या इंचाचा एक छोटा नळ बसवून घ्या. सुरू करताना तो उघडायचा, हवा निघून सलग धार आली की बंद करायचा. प्लंबरला या कामाला फार वेळ लागत नाही, आणि सकाळची कटकट कायमची संपते.

गळत नाही, तरी हवा येते

सक्शनच्या बाजूला चीर असेल तर लोक ओल शोधतात. ओल दिसत नाही म्हणून पाइप चांगला आहे असं ठरवतात. फसगत होते ती इथेच. मोटर चालू असताना त्या पाइपातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असतो, त्यामुळे पाणी बाहेर येतच नाही, हवा आत जाते. जोड कोरडा ठणठणीत दिसतो.

शोधायच्या तीन सोप्या युक्त्या आहेत. पहिली: वरती एनआरव्ही नसेल आणि फुटव्हॉल्व्ह चांगला असेल, तर मोटर बंद केल्यावर वरच्या मजल्यांच्या पाण्याचा दाब सक्शन पाइपावर येतो. मोटर एकदा चालवून बंद करा, कोरड्या फडक्याने सगळे जोड पुसा आणि वर्तमानपत्राचा तुकडा एकेका जोडाला लावा. चालू असताना कोरडा असणारा जोड आता कागद भिजवतो. दुसरी: मोटर चालू असताना जोडांवर दाढीच्या साबणाचा दाट फेस लावा. फेस जिथे आत ओढला जातो तिथे चीर आहे. हे करताना हात कोरडे, पायात रबरी चप्पल, आणि मोटरच्या वायरिंगपासून लांब. तिसरी: संशयित जोडावर सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ताणून गच्च गुंडाळा. लगेच पाणी सलग झालं तर जोड सापडला. ही पट्टी शोधण्यासाठी आहे, कायम ठेवण्यासाठी नाही.

माझ्या अनुभवात पहिला संशय पंपाच्या तोंडाशी असलेल्या पीव्हीसी निपलवर (आटे असलेल्या छोट्या जोड-तुकड्यावर) घ्यावा. मोटर थरथरते, पाइप भिंतीला क्लॅम्प केलेला नसतो, सगळा हादरा त्या आट्यांवर येतो आणि मुळाशी केसाएवढी चीर पडते. नवीन निपल घेताना आत पितळी आटे असलेला घ्या आणि फार आवळू नका. प्लास्टिकचे आटे लोखंडी तोंडात जोर लावून आवळले की त्याच दिवशी तडकतात. दुसरा संशय युनियनच्या (पाइप सोडता येणाऱ्या जोडाच्या) आतल्या रबर रिंगवर. रविवार कारंजा किंवा मेन रोडच्या कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात ती मिळते, जुनी रिंग सोबत घेऊन जा म्हणजे माप चुकत नाही. तिसरा, उन्हात असलेल्या पाइपावर. एप्रिल-मेमध्ये इथलं ऊन चाळिशीला टेकतं, रोज तापून आणि रात्री निवून चिकटवलेले जोड सुटतात. त्या पाइपावर साधं गोणपाट किंवा पत्रा टाकला तरी फरक पडतो.

पाइपाची मांडणीही बघा. टाकीपासून पंपापर्यंत सक्शन पाइप सतत चढता हवा. मध्ये उंचवटा असेल तर तिथे हवा साचते आणि कितीही प्रायमिंग करा, ती निघत नाही. पाइपाचा व्यास पंपाच्या तोंडापेक्षा कमी असता कामा नये.

मखमलाबाद, आडगावकडे मळ्यातल्या विहिरीच्या काठावर मोटर ठेवणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. पंप पाणी ओढतो म्हणजे खरं तर बाहेरच्या हवेचा दाब ते वर ढकलतो. समुद्रकाठी हा दाब पाण्याला फार तर १०.३ मीटर उचलू शकतो. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंचावर आहे, त्यामुळे इथे ही मर्यादा ९.६ मीटरच्या आसपास येते. पाइपातलं घर्षण वगैरे धरून प्रत्यक्षात ६ ते ७ मीटरच हिशेबात धरावेत. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी त्याखाली गेलं की मोटर, फुटव्हॉल्व्ह, पाइप सगळं नवं बसवलं तरी पाणी चढणार नाही. मोटर खाली उतरवावी लागते किंवा सबमर्सिबल घ्यावी लागते.

फुटव्हॉल्व्ह काढून बघणं

पातळी टिकत नसेल तरच या पायरीवर या. युनियन सोडा, पाइप वर ओढून घ्या. दोन माणसं लागतात, कारण पाण्याने भरलेला पाइप जड असतो.

टाकीत उतरू नका. फुटव्हॉल्व्ह खाली पडला, पान्हा पडला, तरी उतरू नका. बंद टाकीत प्राणवायू कमी असू शकतो आणि ते वरून कळत नाही. आत गेलेला माणूस कोसळतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि दोघेही जातात. अशा बातम्या आपण वाचतो, तरी पान्ह्यासाठी लोक उतरतात. पडलेली वस्तू चुंबकाने किंवा हूकने काढा, नाहीतर टाकी धुणाऱ्या, साधनं असलेल्या लोकांना बोलवा.

फुटव्हॉल्व्ह बाहेर आला की जाळी ब्रशने धुवा. मग तो उभा धरून वरून पाणी भरा. थेंब थेंब गळत असेल तर आतली झडप नीट बसत नाही. बरेचदा वाळूचा एक कण किंवा टेफ्लॉनचा तुकडा अडकलेला असतो, तो निघाला की काम होतं. रबर कडक झालं असेल किंवा कडेला चरा पडला असेल तर नवा घ्या. काहीशे रुपयांची वस्तू आहे, इथे काटकसर करू नका. मी पितळी घेतो, कारण प्लास्टिकच्या झडपेची स्प्रिंग इथल्या गाळात लवकर अडकते.

गाळाचं कारण गोदावरी. आपल्याला मुख्यतः गंगापूर धरणातून पाणी मिळतं. पावसाळ्यात नदी गढूळ होते, नदीकाठच्या दुतोंड्या मारुतीला (पुराची आपली खूण) पाणी लागतं त्या दिवसांत शुद्धीकरण होऊनही नळाला थोडं मातकट पाणी येतं. ती माती खालच्या टाकीत बसते, वर्षानुवर्षं साचते. फुटव्हॉल्व्ह टाकीच्या तळाला टेकलेला असेल तर तो पाण्याआधी गाळ ओढतो. तळापासून फूटभर वर ठेवा, पाइप तेवढा कापा. आणि टाकी वर्षातून एकदा, दिवाळीच्या आधी, धुऊन घ्या. तोपर्यंत पावसाळ्याचा गाळ बसलेला असतो. हा गाळ पितळी इम्पेलरही झिजवतो. प्रायमिंग ठीक, जोड ठीक, व्होल्टेज ठीक आणि तरी टाकी भरायला वेळ लागत असेल तर झीज झाली आहे असं समजा. तो बदलणं मोटर खोलण्याचं काम आहे.

नुसती हूं करते तेव्हा

मे महिन्यात गावाला जाऊन आलात, महिनाभर मोटर बंद होती, आणि आता ती घुमते पण फिरत नाही: आत गंज धरून इम्पेलर चिकटलेला असतो. वीज पूर्ण बंद करून मागच्या खाचेतून शाफ्ट स्क्रू-ड्रायव्हरने सावकाश दोन्ही दिशांना हलवा. सुटला, हाताने मोकळा फिरायला लागला, तर पाणी भरून एकदा सुरू करून बघा. पुन्हा हूं केली तर दोन-तीन सेकंदांत बंद. त्या अवस्थेत वाइंडिंगमधून कित्येक पट करंट जातो आणि थोड्याच वेळात ते करपतं.

शाफ्ट मोकळा आहे, तरी सुरू होत नाही: कपॅसिटर. इथे थांबा. कपॅसिटर वीज बंद केल्यावरही भार धरून ठेवतो, हात लागला तर जोराचा झटका बसतो. बदलायला इलेक्ट्रिशियनला फार वेळ लागत नाही. फक्त जुन्यावर जितके मायक्रोफॅरड लिहिले आहेत तितक्याच मापाचा बसवला ना, एवढं बघा. "थोडा मोठा टाकला, जोर वाढेल" असं कोणी म्हणालं तर नको म्हणा.

कधी थांबायचं

एमसीबी पडतो, ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) पडतो, शॉक लागतो, वास येतो: लगेच थांबा. प्रायमिंग प्लगही उघडू नका. अर्थिंग तपासल्याशिवाय मोटर पुन्हा सुरू करायची नाही. मोटरच्या लाइनला ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी नसेल तर याच वेळी बसवून घ्या. मोटरजवळ कायम ओल असते आणि लहान मुलं तिथे खेळतात.

मोटर आणि पंप यांच्या मधल्या फटीतून पाणी टपकतं: मेकॅनिकल सील गेला. पुढच्या काही दिवसांत बेअरिंग जाईल, म्हणून वाट बघू नका. खरखर आवाज येत असेल तर बेअरिंग आधीच गेलं आहे. पाइप जमिनीत किंवा फरशीखाली फुटला असेल, तर तेही प्लंबरचं काम.

आणि पाणी भरलं, जोड बघितले, फुटव्हॉल्व्ह बदलला, तरी चढत नसेल तर तुमच्या हातातलं संपलं. कारागिराला बोलवताना "मोटर गेली" एवढंच सांगू नका. "काठोकाठ भरलेलं पाणी टिकतं, सक्शनला हवा नाही, व्होल्टेज २२० आहे, तरी चढत नाही" असं सांगा. मोटरवरच्या माहिती लिहिलेल्या पट्टीचा फोटो आधीच पाठवा, म्हणजे तो योग्य सील आणि बेअरिंग घेऊनच येतो. बदललेला जुना भाग परत मागा. रिवाइंडिंग सुचवलं तर तांब्याची तार की अ‍ॅल्युमिनियमची, हे विचारून बिलावर लिहून घ्या. जुन्या मोटरचं रिवाइंडिंग नव्या मोटरच्या निम्म्या किमतीला जात असेल, तर मी नवी घेतो.

नवी घेतलीत किंवा जुनी दुरुस्त करून आणलीत, तर त्याच दिवशी खालच्या टाकीत फ्लोट स्विच आणि बोर्डात ड्राय-रन कटऑफ बसवून घ्या. पाणी संपलं की मोटर आपोआप बंद होते. मोटरचा पाइप जोडण्याआधी फुटव्हॉल्व्ह बादलीत उभा धरून एकदा तपासा, आणि पहिल्यांदा सुरू करताना पंप काठोकाठ भरून पाच मिनिटं पातळी बघा.